पेंटरकाकांची पारवी गाडी

शुक्रवारची सकाळ. त्या वेळी आमच्या घरात प्रत्येकजण काहीतरी शोधत असतो. ह्यांना मोज्याचा जोड सापडत नव्हता, लेकीला भूगोलाची वही, आणि मला माझा चहा. तो मी दोनदा ओतून घेतला होता आणि दोनदा कुठेतरी ठेवून विसरले होते. गॅसवर अंडी उकडत होती. तेवढ्यात दारावर थाप पडली.

बेल चालू असताना थाप मारणारा आमच्या ओळखीत एकच माणूस आहे, शेजारचे पेंटरकाका. त्यांच्या बोटांना कायम काही ना काही लागलेलं असतं. बटण खराब होईल म्हणून ते कोपराने दार वाजवतात, आणि कोपराला जोर जास्त असल्यामुळे दर वेळी कोणीतरी पडल्यासारखा आवाज होतो.

दार उघडलं तर काकांच्या हातात एक कागद. चिमटीत लांब धरलेला, मेलेला उंदीर धरावा तसा.

"ताई, हे जरा वाचून दाखवा. चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. मी कागद घेतला. काल काका गाडी तपासायला घेऊन गेले होते, त्या वाहन तपासणी कचेरीचा शेरा होता. छापील रकाने आणि त्यांत शाईची गिचमिड.

मी वाचलं, "नोंदणीतील रंग पारवा. प्रत्यक्षात पुढील भाग पारवा, उजवीकडील दारे व डिकी निळी. रंग एकसारखा करून वाहन येत्या गुरुवारी पुन्हा आणावे. ही शेवटची संधी."

"निळी?"

"निळी असं लिहिलंय."

"परत वाचा."

परत वाचलं. शेरा तोच राहिला.

"बघितलंत?" काका ह्यांच्याकडे वळले. हे एका पायात मोजा घालून उभे होते. "चौतीस वर्षं मी गाड्या रंगवल्या. आणि एक कारकून, ज्याचा स्वतःचा शर्ट धुऊन धुऊन विटलेला, तो मला सांगणार निळं कशाला म्हणतात ते."

"हो ना काका," हे म्हणाले. "मला तर अख्खी गाडी एकाच रंगाची वाटते."

मी ह्यांच्याकडे बघितलं. दुसरा मोजा शोधायच्या निमित्ताने ह्यांनी आत पळ काढला.

"ऐकलंत? चांगला शिकलेला माणूस म्हणतोय," काका मला म्हणाले. "आता तुम्ही एक करा. मला अर्ज लिहून द्या. तुमचं कॉलेज झालंय, लिहिणं चांगलं आहे. मोठ्या साहेबांना लिहा, गाडी एकाच रंगाची आहे आणि तुमच्या माणसाला रंग कळत नाही. सभ्य भाषेत लिहा. पण त्याला लागलं पाहिजे."

"बघते," मी म्हणाले.

'बघते' म्हणून मी आजवर किती गोष्टी पुढे ढकलल्या असतील त्याची गणती नाही. ही गोष्ट ढकलली जाण्यातली नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण स्वयंपाकघरातून पाणी आटून अंडी तडकल्याचा आवाज आला आणि मी तिकडे धावले.

ती गाडी आमच्या आणि काकांच्या घरामधल्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. गोल दिव्यांची, फुगीर पाठीची, माझ्या लग्नाच्याही आधीची गाडी. शेड काकांच्या घरमालकाची आहे, आणि महिनाअखेरीला ती पाडून तो तिथे भिंत घालणार आहे. सहा वर्षं तो काही बोलला नाही, आता बोलला, आणि एकदाच बोलला. म्हणजे गुरुवारी गाडी पास झाली तर तिला नवे कागद मिळतील, ती रस्त्याच्या कडेला उभी राहील, रस्त्यावर धावेल. नापास झाली तर कागद रद्द. बिनकागदाची गाडी रस्त्यावर ठेवू देत नाहीत आणि शेड तर जाणार. मग राहतो भंगारवाला. तो आतापासूनच आमच्या गल्लीतून जाताना कुंपणाशी सायकल हळू करतो.

काका ह्या धंद्यात आले ते एका मोठ्या वर्कशॉपच्या रंगखात्यात. पहिली चार वर्षं त्यांनी नुसतं घासकाम केलं. जुना रंग ओल्या पॉलिश पेपरने घासायचा, पुट्टी भरायची, ती पुन्हा घासायची, आणि हात फिरवून बघायचं. काका अजूनही पत्र्यावर हात फिरवताना डोळे मिटतात. पुढे एका दिवशी मिस्त्री आजारी पडला, गिऱ्हाईक दारात उभं, आणि काकांनी तीन डब्यांतून रंग मिसळून एक दार रंगवून दिलं. गिऱ्हाइकाने गाडीभोवती फेरी मारून विचारलं, ठोकलं होतं ते दार कुठलं? त्या दिवसापासून काकांचं घासकाम सुटलं ते सुटलंच.

त्यांची एक रीत होती. रंग कधी मोजायचा नाही. वर्कशॉपात दुसरे लोक मापाचे पेले वापरत, वहीत लिहून ठेवत, पांढरा इतका, काळा इतका, निळा चमचाभर. काका म्हणायचे, "मोजून द्यायला ते काय खोकल्याचं औषध आहे?" डबा कलंडायचा, काडीने ढवळायचं, काडी उचलून उन्हात धरायची, आणि पुरे म्हणायचं. लांबलांबच्या गॅरेजांतून लोक पत्र्याचा तुकडा घेऊन यायचे, एवढा जुळवून द्या म्हणून. काकू सांगतात की त्यांचे वडील लग्नासाठी मुलगा बघायला गेले तेव्हा त्यांना गावातल्या तिघांनी एकच गोष्ट सांगितली होती, त्याच्या डोळ्याला तोड नाही. "मला वाटलं होतं, डोळे सुंदर असतील," काकू म्हणतात. "बघते तर चारचौघांसारखेच."

इतक्या गाड्या रंगवून काकांची स्वतःची गाडी कधी झाली नाही. "हजारो गाड्या चालवल्या मी," ते म्हणतात, "प्रत्येकी वीस पावलं." म्हणजे रंगाच्या खोलीपासून फाटकापर्यंत. त्यांतली एक मात्र तिथेच राहिली. मालक रंगवायला म्हणून टाकून गेला आणि फिरकलाच नाही. ती वर्कशॉपच्या मागे गंजत पडली. काका निवृत्त झाले तेव्हा वर्कशॉपच्या मालकाने विचारलं, निरोपाला भिंतीवरचं घड्याळ देऊ की ती गाडी? काकांनी विचार करायला दोन सेकंदही घेतले नाहीत. दोरीला बांधून, ओढून, दुपारभर गल्ली अडवून त्यांनी ती घरी आणली.

"घड्याळ घेतलं असतं तर निदान वेळ तरी कळली असती," काकू दर आठवड्याला एकदा म्हणतात.

त्यांचंही चुकत नाही. सहा वर्षं गाडी शेडमध्ये कमी आणि घरात जास्त राहिली. सीट्स झोपायच्या खोलीत होत्या. कार्बुरेटर जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्रावर मांडलेला, महिनाभर. काकू ताटं मांडीवर घेऊन जेवत. खालचा पत्रा इतका सडला होता की गाडीत बसलं की पाय जमिनीवर टेकायचे. तो सगळा कापून नवा बसवला. मधून मधून माझ्या घरातल्या वस्तू जात राहिल्या. रंग गाळायला चहाची गाळणी, एकामागून एक तीन. पुट्टी लावायला केकचं प्लास्टिकचं उलथनं. धूळ उडवायला जुना व्हॅक्यूम क्लीनर, उलटा लावून. त्याबद्दल मी भांडले, आणि दोरीवरच्या कपड्यांवर करड्या भुकटीचा थर बसायचा त्याबद्दल तर कुंपणापाशी उभं राहून, हात कमरेवर ठेवून भांडले. काका ऐकून घेत. "उद्यापासून पाणी मारून घासतो," म्हणत. आणि दुसऱ्या दिवशी खरोखर पाणी मारून घासत. तिसऱ्या दिवशी विसरत.

एक भाग दुरुस्त झाला की तो रंगवायचा, मग पुढचा, अशी त्यांची वर्कशॉपची सवय. बॉनेट, पुढची मडगार्ड आणि टप तीन वर्षांपूर्वी झालं. डावीकडची दारं त्यानंतर. उजवीकडची दारं गेल्या थंडीत, आणि डिकी आत्ता दोन महिन्यांपूर्वी. प्रत्येक वेळी रंग नव्याने मिसळलेला, अर्थातच डोळ्याने, आणि कुठेच काही लिहून न ठेवता.

बॉनेट बघावं तर पारव्याची पाठ. राखाडी, त्यात निळ्याची नुसती चाहूल. डावीकडची दारं जवळजवळ तशीच. उजवीकडची दारं निळसर. आणि डिकी आमच्या लेकीच्या शाळेच्या स्कर्टसारखी चक्क निळी. मला हे थंडीतच दिसलं होतं. मी ह्यांना म्हटलं, तर हे म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस." गल्लीत सगळ्यांना दिसलं होतं. आमची लेक त्या गाडीला 'शेडकार्ड' म्हणते, रंगाच्या दुकानात असतं ते. काकांसमोर मात्र कोणी बोललं नाही. त्यांना रंगाबद्दल काही सांगायला जायचं, हे कोणाच्या मनातच येत नव्हतं.

शनिवारी सकाळपासून शेडमध्ये कंप्रेसर सुरू झाला. अर्ज तर हवाच होता, पण त्या कारकुनाच्या नाकावर टिच्चून काकांना डिकी पुन्हा रंगवायची होती. रंग तोच, फक्त ताजा, म्हणजे त्याला बोलायला जागा राहायला नको. अर्धी डिकी झाली आणि वीज गेली. अर्धवट रंग तसाच वाळला, मध्ये कड उठली. घासली. वीज आली, दुसरा हात मारला, तर एक चिलट येऊन नेमकं मधोमध बसलं. काकूंच्या भुवयांचा चिमटा आणून ते काढलं, त्याचे पाय मात्र तिथेच राहिले. पुन्हा घासली. तिसऱ्यांदा थिनर जास्त पडलं आणि रंगाला ओघळ आले. मी चहा घेऊन गेले तेव्हा काका उलट्या बादलीवर बसून ओघळांकडे बघत होते, तोंडाने पुटपुटत. ते काय पुटपुटत होते ते मी लिहीत नाही.

संध्याकाळी चारला चौथा हात चांगला बसला. त्यांनी मला हाक मारली. "या इकडे. उन्हात बघा. आता सांगा."

डिकी आधीपेक्षाही निळी झाली होती.

"चकचकीत झालीय," मी म्हणाले.

"चकाकी नाही विचारली मी."

मी म्हटलं गॅसवर दूध आहे. दूध नव्हतं.

मागच्या दाराने मी काकूंकडे गेले. त्या स्वयंपाकघरात उभ्या राहून ब्रेडला लोणी लावत होत्या आणि लोण्यावर राग काढत होत्या.

"काकू, तुम्हाला दिसतं ना?"

"मला दिसतं. प्रश्न तो नाही." त्यांनी सुरी खाली ठेवली. "गेल्या थंडीत मी माझा निळा स्वेटर घालून बाहेर निघाले, तर हे म्हणाले, हा राखाडी कधी घेतलास. पेपर वाचताना दिव्याखाली जाऊन बसतात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं मी वसंतात, तपासायला. मोतीबिंदू म्हणाला, दोन्ही डोळ्यांत. चिठ्ठी दिली, शस्त्रक्रियेची वेळ घ्या म्हणून. ह्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि रस्त्यात मला सांगितलं, डॉक्टरच्या यंत्राची काचच मळलेली होती."

"मग सांगायचं ना तुम्ही, रंगाचं."

"तू सांग. तू शेजारीण आहेस, तुला फार तर दार लावून घेतील. मला चोवीस तास काढायचेत त्यांच्याबरोबर." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "सगळं गेलं त्या माणसाचं. केस गेले, वर्कशॉप गेलं, गुडघे गेले. ह्या नजरेचं तेवढं लोक अजून नाव काढतात."

रविवारी ह्यांना पश्चात्ताप झाला असावा. बाजारातल्या रंगाच्या दुकानात रंग जुळवायचं यंत्र आलंय, तिथे ह्यांनी स्वतःहून फोन लावला. दुकानदार म्हणाला, तुकडा घेऊन या, यंत्र वाचेल. पण जुना, एकाच थराचा रंग असेल तर यंत्र जवळपासचा देतं, शेवटचं तुमच्या पेंटरने डोळ्याने बघून घ्यायचं. म्हणजे पुन्हा डोळ्याशीच आलो. तरी ह्यांनी काकांना कुंपणावरून सांगून बघितलं.

"यंत्र?" काका म्हणाले. "अहो, त्या यंत्राला शिकवणाऱ्याला मी शिकवलंय." मग माझ्याकडे वळून, "अर्ज झाला?"

"होतोय."

"दोन ओळींचा अर्ज आहे, ताई. कादंबरी नको."

दुपारी पुन्हा विचारलं. संध्याकाळी कोपराने दार वाजवून पुन्हा. मी म्हटलं, कागद चांगला सापडत नाही. ते गेले आणि पाच मिनिटांत एक कोरा कागद घेऊन आले. त्याच्या कोपऱ्यावर निळं बोट उमटलं होतं.

सोमवारी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर मी तो कागद घेऊन बसले. 'माननीय साहेब' लिहिलं. 'सदर गाडी माझ्या शेजाऱ्यांची असून' इथवर आले. पुढे 'ती संपूर्ण एकाच रंगाची आहे' हे पाच शब्द लिहायचे होते. पेन उचललं, ठेवलं. भाजी निवडून झाली, कपड्यांच्या घड्या झाल्या, कागद तसाच. माझा मलाच राग यायला लागला. मग त्या कारकुनाचाही आला, त्याने खरं लिहिलं म्हणून. शेवटी कागद घेतला आणि शेडमध्ये गेले.

काका उजवीकडच्या दारावर हात फिरवत होते, डोळे मिटून.

"आणलात? वाचा."

"काका, हे मला लिहिता येत नाही."

"का? शब्द अडला?"

"गाडी एका रंगाची नाही."

त्यांचा हात दारावर होता तिथेच राहिला. मला वाटलं, आता ओरडतील. मी तयारी करून गेले होते.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. बॉनेट पारवं आहे. ही दारं निळसर आहेत. डिकी निळी आहे. परवा रंगवलीत तेव्हा आणखी निळी झाली."

त्यांनी फळीवरचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात चिंधीत बांधलेल्या पत्र्याच्या पट्ट्या होत्या, बोटाएवढ्या, अकरा. पहिली निव्वळ राखाडी, मग प्रत्येकीत निळा जरा जरा वाढवत नेलेला, शेवटची पुरती निळी. प्रत्येकीच्या पाठीवर खिळ्याने ठोकलेला आकडा.

"वर्कशॉपात रंगखात्यात माणूस घ्यायचा तर आधी हे," ते म्हणाले. "मी केलेल्या आहेत. उलटसुलट करायच्या आणि त्याला ओळीने लावायला सांगायचं. दोनपेक्षा जास्त चुकला तर घासकामाला. इथे वशिला नाही, रडणं नाही." त्यांनी बाक ओढून उन्हात घेतला, पट्ट्या पत्त्यांसारख्या पिसल्या. "आधी मी लावतो. मग तुम्ही लावा. मग बघू कोणाला निळं कळतं."

पहिल्या तीन त्यांनी झटकन लावल्या. चौथीला हात हळू झाला. एक उचलून डोळ्यांजवळ नेली, तिरकी धरली, ठेवली, दुसरीशी बदलली, पुन्हा होती तशी केली. मला उभ्या जागेवरून चूक दिसत होती. मी कंप्रेसरकडे बघत राहिले. बराच वेळ गेला. शेवटची पट्टी ठेवून ते म्हणाले, "उलट्या करा."

मी एकेक उलटी केली. आकडे बारीक होते, ठोक्यांचे. "वाचू?"

"नको."

त्यांनी अंगठा पहिल्या पट्टीवर ठेवला आणि चाचपून वाचायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. मग सहा. अंगठा थांबला, मागे गेला, पुन्हा सहाच लागला. मग चार. मग नऊ. पाच. अकरा. पुढच्या तीन त्यांनी चाचपल्याच नाहीत.

शेडचा पत्रा तापून कडकड वाजत होता. मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण जे जे सुचत होतं ते सगळं 'चकचकीत झालीय'सारखंच होतं.

"एक होता," काका म्हणाले. "ह्याच पट्ट्यांवरून त्याला घासकामाला लावला मी. नऊ वर्षं घासत राहिला. म्हणायचा, मिस्त्री, मला मधल्या सगळ्या सारख्याच दिसतात हो. मी म्हणायचो, नीट बघ. मला वाटायचं, आळशी आहे."

मग त्यांनी पट्ट्या गोळा केल्या, पिसल्या आणि माझ्यापुढे टाकल्या. "लावा."

मी लावल्या. मला फार वेळ लागला नाही, ह्याचीच लाज वाटली. त्यांनी अंगठ्याने वाचल्या, ह्या वेळी शेवटपर्यंत.

"सात आणि आठ उलट्या लागल्यात. दोन चुकल्या."

"म्हणजे घासकाम?"

"दोनपेक्षा जास्त म्हटलं होतं. दोन चालतात." हसले नाहीत. पट्ट्या चिंधीत बांधत विचारलं, "कधीपासून दिसतंय तुम्हाला?"

"थंडीपासून."

"आणि हिला?"

"काकूंना त्याच्याही आधी."

"तुमच्या ह्यांना? त्या दिवशी एकच रंग म्हणाले ते?"

मी होकाराची मान हलवली.

"म्हणजे गल्लीला." त्यांनी गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली. "गाळणी नेली तर भांडलात. कपड्यांवर धूळ बसली तर कुंपणापाशी येऊन भांडलात, अर्धा अर्धा तास. ते ऐकून घेतलं मी, तुमचं बरोबर होतं. आणि हे एवढं तुम्हाला भांडून सांगता आलं नाही? थंडीत सांगितलं असतंत तर डिकी तरी वाचली असती. मी त्या कचेरीत जाऊन, सगळ्यांसमोर, त्या माणसाला आंधळा म्हणालोय, ताई."

मी अर्जाचा कागद उचलला.

"जा तुम्ही. चहाबिहा आणू नका."

शेडचं दार आतून लागलं. मी अर्धवट राहिलेला अर्ज घडी करून घरी आले.

दुपारभर तिकडून कसलाही आवाज आला नाही. सहा वर्षं ज्या आवाजाने माझं डोकं उठवलं तो नाही तर घर कसंतरीच वाटायला लागलं. तीनच्या सुमाराला काकू मागच्या दाराने आल्या. बसल्या नाहीत.

"जेवले नाहीत. त्या डॉक्टरची चिठ्ठी कुठे आहे विचारलं. त्यांच्याच कोटाच्या खिशात होती, दिली काढून. फोन केला स्वतः. दोन महिन्यांनंतरची वेळ मिळाली."

"आणि गुरुवार?"

"गुरुवारचं मी विचारलं. म्हणाले, भंगारवाल्याला हाक मार." काकूंनी ओट्याची कड धरली. "इतकी वर्षं मीच म्हणत होते ना, भंगारात घाला म्हणून. आज ते म्हणाले तर माझ्याने ऐकवेना. मी म्हटलं, मला त्या गाडीतून एकदा बाजारात जायचंय. नंतर काय घालायचं ते घाला. सीट्सबरोबर झोपलेय मी दीड वर्षं, निदान एकदा बसू तरी द्या त्यांच्यावर."

"मग?"

"मग काही नाही. दार लावून घेतलं."

पाचला माझ्या खिडकीतून पाण्याचा आवाज आला, मग खरखर. बघितलं तर शेडचं दार उघडं होतं. काकू नळी धरून उभ्या होत्या, स्वतःचे पाय भिजवत, आणि काका गुडघ्यावर बसून उजवीकडचं दार घासत होते. निळं पाणी वाहत माझ्या कुंपणाखालून अंगणात येत होतं.

"वर धर," काका म्हणत होते. "माझ्यावर नको, दारावर."

"तुमच्यावरच ओतायला हवं."

डिकी झाली, मागचं दार झालं, पुढचं झालं. प्रत्येक घासून झाल्यावर ते डोळे मिटून तळहात फिरवत आणि एखाद्या जागी थांबून पुन्हा घासत. दिवेलागणीच्या आधी पेपरचा शेवटचा तुकडा फेकून ते उठले, गुडघ्याला शिव्या दिल्या, आणि थेट कुंपणापाशी आले. कोपरापर्यंत निळे. मी दोरीवरचे कपडे काढत होते. कपड्यांवर पुन्हा भुकटी होती. ह्या वेळी मी तोंड उघडलं नाही.

"बोला की," काका म्हणाले. "धूळ बसलीय, बोला. ते बंद करू नका."

"बसलीय धूळ," मी म्हणाले. "लेकीचा पांढरा शर्ट पुन्हा धुवायला लागणार."

"बरं." ते जरा थांबले. दोन्ही हात कुंपणाच्या तारेवर ठेवले, मग हात निळे आहेत हे आठवून काढून घेतले. "उद्या रंग मारला तर बुधवारी वाळेल, गुरुवारी नेता येईल. उद्या दहा ते बारा तुम्ही मोकळ्या आहात?"

"आहे."

"मी रंग मिसळणार. तुम्ही माझ्याशेजारी उन्हात उभ्या राहा. मी काडीने बॉनेटवर ठिपका लावीन. निळा जास्त वाटला तर जास्त म्हणा, कमी वाटला तर कमी म्हणा. मला बरं वाटावं म्हणून काही म्हणू नका. एवढंच करा."